कोर्टासमोरच्या टेबलावरच्या बाबूजींना जाहीर आभार

आदरणीय बाबूजी,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून तुमचं टेबल आहे. गावोगावच्या बायांचे घटस्फोटाचे कागद वकिलाच्या हाती पडण्याआधी तिथं नीट लावले जातात, त्याबद्दल हे आभार. पत्र मुद्दाम उघडं लिहितो आहोत. तुम्ही चहाच्या एका कपात जे सांगता, ते दुसऱ्या तालुक्यातल्या बाईलाही वाचता यावं.

तुम्ही हकीकत नंतर ऐकता, आधी तारीख विचारता. "घर कधी सोडलं?" याला उत्तर येतं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, नाही तर कापसाच्या दुसऱ्या वेचणीला. मग तुम्ही पिशवीतून जुनी कॅलेंडरं काढता. २०२३ चा पोळा १४ सप्टेंबरला होता, म्हणजे तान्हा पोळा १५ ला. नवऱ्यानं टाकून दिल्याचं कारण लावायचं, तर याचिका दाखल होण्याआधी सलग दोन वर्षं भरलेली लागतात. त्या तारखेपासून मोजली तर ती २०२५ च्या सप्टेंबरात भरतात. ऑगस्टात टाकलेली याचिका या कारणावर कच्ची. मधल्या दिवाळीत बाई पंधरा दिवस सासरी नांदून आली असेल, तर सलगपणा तुटतो. छळाच्या कारणाला ही दोन वर्षांची अट नाही, पण लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत कोर्टाच्या खास परवानगीशिवाय घटस्फोटाची कोणतीच याचिका चालत नाही. आणि भरोसा सेलच्या, म्हणजे पोलिसांच्या महिला मदत कक्षाच्या, तक्रारीत एक तारीख, याचिकेत दुसरी असं झालं, की समोरचा वकील उलटतपासणीत तेवढंच धरून बसतो. "तारीख जुळली नाही त खरं बी खोटं दिसते," हे तुमचं वाक्य आता आमच्याही तोंडी बसलं आहे.

नावाचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नपत्रिकेत घरचं, आधारवर सासरचं, पासबुकात आणखी तिसरं. याचिकेच्या शीर्षकातच "ऊर्फ" घालून दोन्ही नावं लिहायची आणि ती एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र सोबत जोडायचं, ही तुमची युक्ती साधी आहे, पण ती नसल्यानं तारखा वाया जातात. लग्न ग्रामपंचायतीत नोंदवलेलं नाही म्हणून घटस्फोट मिळत नाही, ही अफवा तर तुम्ही रोज खोडता. नोंद नसल्यानं लग्न बाद होत नाही. पत्रिका, विधी चालू असतानाचे फोटो आणि हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं यांवर लग्न शाबीत करता येतं. बौद्ध पद्धतीनं लागलेल्या लग्नालाही १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागतो, हे आपल्याकडे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

उलट मेळघाटातली कोरकू, केळापूरकडची कोलाम किंवा गडचिरोलीची गोंड बाई आली, तर तुम्ही फॉर्म बाजूला ठेवून जातीचा दाखला मागता. केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही. तिथं रूढी पाहावी लागते आणि ती शाबीत करावी लागते. बाकीच्यांनी मात्र शंभराच्या स्टॅम्पवर पंचांसमोर केलेली सोडचिठ्ठी दाखवली, की तुम्ही ती घडी घालून परत देता. समाजात काडीमोडीची सिद्ध होणारी रूढी नसेल, तर त्या कागदानं घटस्फोट होत नाही आणि दुसरं लग्न अंगाशी येतं.

स्टॅम्पचा खर्च वाचवलात, तो वेगळाच. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी बाया पाचशेचा स्टॅम्प घेऊन येतात. घटस्फोट आणि पोटगीच्या कामात बाईला कोर्ट फीसुद्धा १९९४ पासून माफ आहे. वकिलाची ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

कोर्ट कोणतं, यातही चूक होते. जिथं कौटुंबिक न्यायालय नाही, तिथं याचिका दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जाते, आणि पुष्कळ तालुक्यांत फक्त कनिष्ठ स्तर असतो. बाईला २००३ पासून ती सध्या राहते तिथल्या कोर्टातही जाता येतं, म्हणून माहेरच्या पत्त्याचा एक तरी पुरावा हवा. नवऱ्याच्या पत्त्यात मौजा, पोस्ट, तालुका, पिनकोड सगळं लिहायचं. एका जिल्ह्यात चार वडगाव असले, की बेलीफ भलत्याच गावाहून समन्स परत आणतो.

पण सगळ्यात मोठे आभार पोटगीच्या कागदांसाठी. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलं, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना दिला. शहरी नमुना भरून आणला की "पगार : निरंक" एवढंच उरतं आणि नवरा गरीब दिसतो. शेतीच्या नमुन्यात शेत किती आणि कुठं, ओलिताचं की कोरडवाहू, पिकं कोणती, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटईनं (वाट्यानं) केलेलं शेत, म्हशी, बकऱ्या, कोंबड्या, जमिनीवरचं कर्ज, सगळं विचारलेलं आहे. सातबारा सासऱ्याच्या नावावर असला तरी तुम्ही तो काढायला लावता. ऑनलाइन डिजिटल सही असलेल्या उताऱ्याला पंधरा रुपये लागतात. सोबत आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) आणि कापूस-सोयाबीन विकल्याच्या पावत्या. संत्र्याची बाग असेल तर व्यापाऱ्याची सौदाचिठ्ठीसुद्धा.

संमतीनं मोकळं व्हायचं असेल, तर एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांची थांबण्याची मुदत असते. ती योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असा २०१७ चा निकाल आहे. पण घाईत अटी मोघम राहतात. "आंदण परत मिळाले" असं लिहू देत नाही तुम्ही. गंज (पातेली) किती, आलमारी कोणती, दागिने किती ग्रॅमचे, कोणत्या तारखेला कोणासमोर दिले, हे लिहून घेता. बचत गटाच्या कर्जाचे उरलेले हप्ते कोण भरणार, हे तर वकीलही विसरतात.

आणि सही घेण्याआधी अख्खी याचिका तिला मोठ्यानं वाचून दाखवता. खाली "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे" असं तीच लिहून देणार असते. जुन्या याचिकेवरून उतरवलेली "दारूच्या नशेत मारहाण करीत असे" ही ओळ, जिचा नवरा दारूला शिवतही नाही तिच्या कागदातही आलेली असते. ती तुम्ही लाल पेनानं कापता आणि तिच्या घरात जे घडलं तेवढंच लिहायला लावता.

लाल पेनाच्या चार रिफिली सोबत पाठवतो आहोत.

आपल्या,
गावोगावच्या विधी स्वयंसेविका