आधी केबल लावून पाहा, मग प्लॅन विका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वायफाय अडकतंय म्हणून तक्रार केली की कंपनीचं उत्तर ठरलेलं : '१०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन सोडा, २०० चा घ्या.' आमच्या सोसायटीतल्या कितीतरी ज्येष्ठांनी असे जादा पैसे भरले, तरी आतल्या खोलीत परदेशातल्या नातवंडांचा व्हिडिओ कॉल गोठतोच. याचा मला मनस्वी संताप येतो.

राउटरला लॅन केबलने लॅपटॉप जोडून वेग मोजला की निम्मा उलगडा होतो. केबलवर पूर्ण वेग मिळत असेल, तर लाइन ठणठणीत आहे, अडचण घरातल्या वायफायची; मोठा प्लॅन घेऊन काही हाती लागणार नाही. शेजारच्या काकूंचा राउटर टीव्हीमागे कोंबलेला आणि बेडरूमच्या वाटेत गोदरेजचं लोखंडी कपाट! राउटर पॅसेजमध्ये उंचावर लावला आणि कॉल सुरळीत झाला. राउटर बहुधा दोन रेडिओ पट्ट्यांवर वायफाय देतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. २.४ चा लांब पोहोचतो, पण इमारतीतले सगळे राउटर त्यावरच गर्दी करतात. तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांतला मोकळा चॅनल (पट्ट्यातली मार्गिका) निवडावा.

केबलवरही वेग कमी असेल, तर मात्र दोष बहुधा कंपनीकडचा. तक्रार क्रमांक मागून घ्या, दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा.

तंत्रज्ञाने केबलची चाचणी ग्राहकासमोर करून आकडा लेखी द्यावा, मगच नवा प्लॅन सुचवावा, असं बंधन ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) घालावं.

— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे