बारडोलीच्या उसात गेलेला ओटीपी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘उच्च शिक्षणाची दारे वंचितांसाठी खुली’ ही तुमची मंगळवारची बातमी मी बुधवारी वाचली. धडगावात अंक दुपारच्या गाडीने येतो, आणि त्या दिवशी गाडी घाटातच बसली होती. भाषणं छान झालेली दिसतात. 2035 पर्यंत देशातली निम्मी मुलं उच्च शिक्षणात आणायची, हे धोरणातलं वाक्यही कुणी तरी म्हणालंच. केंद्राच्या 2021-22 च्या पाहणीत हेच प्रमाण आदिवासी मुलांत शंभरात 21 होतं, ते मात्र हार-तुऱ्यांत राहून गेलं असावं.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दारं उघडली की नाही, ते मला स्टुलावरून दिसतं.

गेल्या वर्षी वरच्या पाड्यावरच्या एका पोरीला फार्मसीला नंबर लागला. पाड्यातली पहिलीच. शिष्यवृत्तीच्या पोरांकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये, असा नियम आहे म्हणतात. कॉलेजच्या खिडकीवर तिला सांगितलं, ‘शिष्यवृत्ती आली की परत देऊ, आता भरा, नाहीतर मागच्याला येऊ द्या.’ बापाने मुकादमाकडून उचल घेतली, फी भरली आणि दिवाळी झाल्यावर उचल फेडायला बायकोसह बारडोलीकडे ऊसतोडीला गेला.

डिसेंबरात तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन आला. कारण काय, तर उत्पन्नाचा दाखला पुसट. सुट्टी काढून पोरगी दुकानात आली. दाखला पुन्हा चढवायचा तर लॉगिन हवं, लॉगिनला ओटीपी हवा, आणि ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या नंबरवर. तिचं आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता, बापाचा. फीपायी बाप उसात आणि बापापायी ओटीपी उसात! (अंगठ्याचं मशीन असतं तर भागलं असतं. माझं तेव्हा बिघडलेलं होतं, हे कबूल.)

फोन लावला. बाप तोडीला, फोन मुकादमाच्या कोपीत चार्जिंगला. ‘कोन बोली ऱ्हायना?’ इथून सुरुवात. त्याला समजावून आकडे वाचायला लावले, तर त्याने आधी कालचाच मेसेज वाचला. मग खरा सापडला, पण चार की सात यावर अडलं. तेवढ्यात दहा मिनिटं संपली. दुसरा मागवला तर आमच्याकडची रेंज गेली. पोरगी काही बोलत नव्हती, नुसती हातातल्या दाखल्याची घडी घालत होती, उलगडत होती. मी म्हटलं, ‘ताई, अजून पुसट करू नको.’ तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी मुकादमाच्या पोराने स्क्रीनचा फोटो काढून पाठवला तेव्हा कुठे काम झालं. हप्ता अजून आलेला नाही.

जात पडताळणीचं तर विचारूच नका. 1950 च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. आजा शाळेत गेलेला नाही. गाव तेव्हा वनगाव, म्हणजे वनखात्याचं, मग महसुली उतारा कुठून आणणार? कुणाच्या आज्याचं नाव सापडलंच तर रजिस्टरात ‘भिल’ लिहिलेलं आणि नातू ‘पावरा’. मग दाखवा नातं.

पूर्वी सोपं होतं असं मी म्हणत नाही. जळगावचं विद्यापीठ 1990 साली झालं. त्याआधी आम्ही पुण्याचे. मार्कशीटवरचं एक नाव दुरुस्त करायला मी शहाद्याहून पुण्याला दोन खेपा केल्यात. पण तिथे निदान टेबलामागे माणूस तरी होता. त्याच्याशी भांडता यायचं.

आता एक तुमच्याबद्दल. बातमी फार्मसी-इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची आणि सोबत फोटो होळीत नाचणाऱ्या बुध्याचा, कमरेला भोपळे, डोक्याला मोरपिसं! होळी आमची आहे, बुध्याही आमचाच. पण आदिवासींची बातमी म्हटली की तोच फोटो काढायचा, मग ती पाण्याची असो, कुपोषणाची असो की कॉलेजची? पुढच्या जुलैत तुमचा फोटोग्राफर पाठवा. सकाळी दहापासून दुकानापुढे रांग असते. चहा पाजतो. लाइट असेलच असं नाही.

आपला,
एक फॉर्मवाला, धडगाव
(नाव छापू नये. तहसीलमध्ये रोजचं येणं-जाणं आहे.)