आबा, शर्यत नाही, कवायत

अल्बर्टा, कॅनडा
रविवार, दुपार

तीर्थरूप आबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई सांगत होती, "आमची नात कॅनडात घोड्यांच्या शर्यतीत धावते" असं तुम्ही नागपूरच्या अर्ध्या महाल भागात सांगून मोकळे झालात. चितार ओळीतले काका म्हणे बक्षिसाची रक्कमसुद्धा विचारून गेले. आबा, फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही पदरचं घालता. म्हणून हे पत्र, मोठ्या अक्षरात. चष्मा लावून वाचा आणि काकांनाही वाचून दाखवा. शर्यत नाही, कवायत! तुम्ही तीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोट्ट्यांकडून करून घेतली तीच. आम्ही ती घोड्यावर बसून करतो, एवढाच फरक.

इथं त्याला ड्रिल टीम म्हणतात. आमच्या पथकात बारा जणी आहेत, सगळ्यात लहान बारा वर्षांची. गाणं लागतं, शिट्टी वाजते आणि बारा घोडे रांगा धरतात, रांगा मोडतात, एकमेकांमधून आरपार जातात. या देशात हे पोलीससुद्धा करतात. इथल्या घोडेस्वार पोलिसांचं 'म्युझिकल राइड' नावाचं पथक आहे, १८८७ पासूनचं. ३२ स्वार, लाल डगले, हातात भाले आणि घोडे एकजात काळे. आमच्याकडे भाल्यांऐवजी झेंडे आहेत, आणि घोडे एका रंगाचे म्हणाल तर जोडीलासुद्धा दोन सापडणार नाहीत. एक अबलख आहे, त्याला पाहिलं की मला तुमची शिलेदारांची गोष्ट आठवते.

आता कालचा शनिवार सांगते. पहाटे साडेपाचला उठले. बाहेर उणे सहा. तुमच्याकडे ४२ झालं म्हणे, वाळ्याचे पडदे लागले असतील कूलरला. सरावाआधी मला दोन तास पागेत काम असतं. घोडा माझा नाही आणि शिकवणीची फी बाबांना दर महिन्याला जड जाते, म्हणून मी लीद काढते, पाणी भरते, वाळलेलं गवत टाकते आणि त्या बदल्यात शिकते. आजीला यातलं लीद काढणं तेवढं सांगू नका. नागपुरात घरी ताटसुद्धा न उचलणारी पोरगी, असं ती लगेच म्हणेल.

माझ्या घोडीचं नाव बिस्किट. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंग, वय १७ वर्षं, म्हणजे माझ्याहून एक वर्षानं मोठीच. जात क्वार्टर हॉर्स. पाव मैलाच्या पल्ल्यात वाऱ्यासारखी पळते म्हणून हे नाव पडलं. (काकांना इतकंच सांगा, त्यांचं समाधान होईल.) उंची पंधरा हात. दचकू नका, घोड्याची उंची मोजायचा हात कोपरापासूनचा नसतो, तळहाताच्या रुंदीएवढा म्हणजे ४ इंचांचा असतो. खांद्याशी साठ इंच. तिच्या पाठीपलीकडचं मला टाचा उंचावल्या तरच दिसतं.

'खरारा' हा शब्द मी तुमच्या तोंडून ऐकला होता, पण तो करायला सकाळची वीस मिनिटं जातात हे इथं कळलं. एप्रिलमध्ये घोड्यांची थंडीची लव झडते. ब्रश फिरवला की केसांचे पुंजके उडतात, नाकात, तोंडात, जॅकेटवर सगळीकडे. मग चारी खूर उचलून आकडीनं माती काढायची. बिस्किट तीन पाय शहाण्यासारखे देते आणि चौथ्याला, मागच्या उजव्याला, आपलं सगळं वजन माझ्या पाठीवर टाकून उभी राहते. हे रोजचं आहे. मी रोज तिला मराठीत बोलते आणि ती रोज कान हलवून ऐकून घेते.

घोडीवर बसायच्या आधी आमची एक गंमत असते. बारा जणी डोक्यावर हेल्मेट, पायात बूट अशा रिंगणात उतरतो आणि घोड्यांशिवाय, आपल्याच पायांनी सगळा कार्यक्रम चालून काढतो. आमच्या बाई कागदावर फुल्या काढून आणतात, कोणाची फुली कुठून कुठं जाणार ते. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, शाळेचं गॅदरिंग जवळ आलं आणि यांना नाच येईना. पण इथं चुकलं तर माणूस माणसाला आपटतो. वर बसून चुकलं तर पाचशे किलोचं जनावर जनावराला आपटतं.

मग शेपट्या पाहायच्या. ज्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत, तो लाथ मारतो. हिरवी फीत असली तर घोडा नवा, अजून शिकतोय. हे वाचल्याशिवाय कुणाच्या मागे उभं राहायचं नाही. दोन घोड्यांत एका घोड्याचं अंतर ठेवायचं. ते मोजायला पट्टी लागत नाही. आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. खूर दिसेनासे झाले की समजायचं, आपण फार चिकटलो.

तुम्हाला आवडेल ते आता सांगते. घोड्याची प्रत्येक चाल मात्रांमध्ये असते. साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची, त्यापुढची कँटर तीन ठोक्यांची, आणि चौखूर उधळला की पुन्हा चार. डोळे मिटूनही घोडा काय करतोय ते कळतं. परवा दुडकीवर मला अचानक तुमची लेझीम ऐकू आली. खरंच सांगते. खोगिराच्या कड्या वाजत होत्या छन्-छन्, छन्-छन्, आणि मी मनात हलगी धरली होती. माझी जोडीदारीण विचारत होती, हसतेस काय म्हणून. तिला हलगी कशी समजावू?

चक्री हा आमचा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात छळवादी प्रकार. सहा घोडे एका ओळीत, रिकिबीला रिकीब लावून, आणि ती अख्खी ओळ घड्याळाच्या काट्यासारखी फिरवायची. आतल्या टोकाचा घोडा जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि बाहेरच्याला तेवढ्याच वेळात धावत पल्ला गाठावा लागतो. तुम्ही लेझमीत चक्र घ्यायचे तेव्हा बाहेर लांब ढांगांची पोरं ठेवायचे ना, तसंच. मी आतून तिसरी. म्हणजे पळायचंही नाही आणि थांबायचंही नाही. बिस्किटला हे अर्धवट काम मुळीच पटत नाही.

चक्री काल बरी झाली. गडबड झाली ती पुढे, आणि ती माझीच.

दोन रांगा समोरासमोरून दुडकीनं येतात आणि एकमेकींमधून निघून जातात. नियम एकच: डावा खांदा डाव्या खांद्याला. समोरचा आपल्या डाव्या हातानं गेला पाहिजे, म्हणजे आपण उजवीकडे सरायचं. चालत केलं तेव्हा बरोबर केलं होतं मी. पण त्यातच दुपारी चिनूक सुटला. हा पश्चिमेच्या डोंगरांवरून उतरणारा गरम वारा, सकाळचा बर्फ दुपारपर्यंत पाणी करतो. घोडे त्यात पिसाटतात. बारा झेंडे फडफडायला लागले. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त बरोबर पाठीमागचं आणि नाकासमोरचं थोडं दिसत नाही. त्यामुळे पाठीमागून सळसळत एकदम डोळ्यासमोर आलेलं फडकं म्हणजे त्याला वाघच. हिरव्या फितीवाला आडवा झाला. मी घाबरून खाली, बिस्किटच्या कानांकडे पाहायला लागले. वर पाहिलं तर समोरची रांग अंगावर आलेली. आणि आबा, माझा हात डावीकडे गेला! रोज बडकस चौकातून सायकल काढून शाळेत गेलेली मी. समोरून काही आलं की डावीकडे घ्यायचं, हे हातात मुरलंय, डोक्याला कोण विचारतं. समोरची बिचारी नियमानं तिच्या उजवीकडे, म्हणजे बरोबर माझ्याच अंगावर. बिस्किट शहाणी म्हणून स्वतःच थबकली, पण समोरचीची रिकीब माझ्या गुडघ्यावर खाडकन बसलीच.

शिट्टी. सगळे थांबले. बाई ओरडल्या नाहीत. जवळ येऊन इतकंच विचारलं, "तू पाहत कुठं होतीस?" इंग्रजीतच विचारलं, पण मला ऐकू आलं ते असं: "काऊन वं, खाली काय पाहून राहिली? बाजूची पाहा!" सहावीत असताना कस्तुरचंद पार्कच्या २६ जानेवारीसाठी तुम्ही आमची लेझीम बसवत होता. मी पायांकडे पाहत होते, आणि तुम्ही नात आहे म्हणून जरासुद्धा सोडलं नव्हतं. तेव्हा मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तो रुसवा मी काल रिंगणात मागे घेतला, तुम्हाला कळवते.

मग माझी ती बारा वर्षांची जोडीदारीण खिशातून निळं मार्कर काढून आली आणि माझ्या उजव्या हातमोज्यावर एक मोठा बाण काढून गेली. झेंडा त्याच हातात, त्यामुळे बाण सतत डोळ्यासमोर. नऊ वेळा पुन्हा केलं. पहिल्या चार वेळा बाण पाहून, नंतर समोरचीचा खांदा पाहून. नवव्यांदा बाईंनी नुसती मान हलवली. तुमच्यासारख्याच त्याही कौतुकाला फार कंजूष आहेत.

तुमच्या नागपुरात मी हाकललेलं एकमेव जनावर म्हणजे तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी, तोही चाकांचा, आणि त्याचा बोजारा तुमच्याच खिशातून वसूल केलेला. म्हणून परवा बाबांना मी म्हटलं, आबांना शर्यत वाटली यात त्यांची चूक नाही.

आमचा कार्यक्रम १ जुलैला आहे, कॅनडाच्या राष्ट्रीय दिनाला, गावच्या मिरवणुकीनंतर. इथं सकाळी ११ म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा. बाबा व्हिडिओ कॉल लावतील. त्या दिवशी दुपारी थोडं झोपून घ्या. ओळखायची खूण: दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी, कुमैत घोडी, आणि हातमोज्यावर निळा बाण.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची,
चिमी

ता. क. बिस्किटला काल संत्रं दिलं, सालासकट खाल्लं आणि खिशात नाक खुपसून दुसरं शोधलं. दुकानातलं पाणचट संत्रं होतं. आपलं नागपुरी मिळालं असतं तर तिनं काय केलं असतं कोण जाणे. आणि आजीनं विचारलं तर गुडघ्याला काही झालेलं नाही. सुजलाय, पण ते तुमच्यापाशीच ठेवा.