समुद्रातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील सोनार (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुड्या हुडकणारे यंत्र) आणि देवमाशांविषयीचा लेख वाचला. नौदलात सोनारवर नोकरी केली असे सांगितले की आमच्या साताऱ्याकडच्या गावात अजूनही मला सोन्याचा भाव विचारतात, त्यामुळे एवढा सविस्तर लेख पाहून बरे वाटले. मात्र सोनारच्या आवाजाबद्दलची ‘२३५ डेसिबल म्हणजे जेट विमानाहून कितीतरी मोठा आवाज’ ही तुलना दुरुस्त व्हायला हवी. पाण्यातील डेसिबल १ मायक्रोपास्कल (दाबाचे एकक) हा पाया धरून मोजतात, हवेतील २० मायक्रोपास्कल धरून. शिवाय पाणी आणि हवा यांच्या घनतेत व ध्वनिवेगात मोठा फरक असल्याने तुलना करायचीच, तर पाण्यातील आकड्यातून सुमारे ६२ वजा करावे लागतात. त्यातही २३५ हा आकडा उगमापासून एक मीटरवरचा आहे. किलोमीटरभर अंतरावर तो ढोबळमानाने १७५ वर येतो.

याचा अर्थ देवमासे निर्धास्त आहेत असा नाही. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागले, त्यांत बहुतेक चोचीचे देवमासे होते, आणि सोनार हेच त्याचे संभाव्य कारण असल्याचे अमेरिकी नौदलाने पुढे मान्य केले. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांवर असेच घडले, तेव्हा मृत प्राण्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे आढळले. खोल बुडी मारणारा प्राणी बिथरून आपली बुडीची लय मोडतो आणि खोल बुडी मारणाऱ्या माणसांना झपाट्याने वर आल्यावर होतो तसा, शरीरात बुडबुडे धरण्याचा विकार त्याला जडतो, असा त्यावरून तर्क केला जातो. म्हणजे कान फाटण्याआधी वागणेच जिवावर बेतू शकते, आणि म्हणून अंदाज बांधायचा तो वागण्याचा.

हे अंदाज संगणकावर बांधतात. पाण्याचे तापमान आणि तळाची ठेवण पाहून आवाज कुठवर पोहोचेल हे काढतात, त्यात बुड्या मारणारे काल्पनिक प्राणी सोडतात आणि प्रत्येकाच्या कानी पडलेल्या पातळीवरून तो बिचकण्याची शक्यता एका वक्ररेषेवर वाचतात. कच्चा दुवा ही रेषाच आहे. गणपतीत डॉल्बीच्या पहिल्या ठोक्याला आमचे कुत्रे पलंगाखाली शिरते. शेजारच्या गोठ्यातली म्हैस मात्र पेंड खात असली की मानही वर करत नाही, आणि रिकामी उभी असली की दावे तोडायला बघते. समुद्रातही तसेच आहे. चोचीच्या देवमाशांनी १४० डेसिबलच्या आसपासच खाणे सोडल्याची नोंद आहे, तर कॅलिफोर्नियाजवळ पृष्ठभागालगत चरणारे निळे देवमासे बहुधा विचलित झाले नाहीत. खोलवर चरणारे मात्र झाले. अशा मोजक्या प्राण्यांवरून काढलेली रेषा अरबी समुद्रात वर्षभर राहणाऱ्या, स्थलांतर न करणाऱ्या हंपबॅक देवमाशांना जशीच्या तशी लावणे मला धोक्याचे वाटते.

तेव्हा कोकणात पुन्हा एखादा देवमासा किनाऱ्याला लागला, तर ‘सोनारचा बळी’ असा मथळा देण्याआधी त्याच्या कानाचे आणि ऊतींचे नमुने कुजण्यापूर्वी घेतले गेले का, एवढे आपल्या वार्ताहराने जरूर विचारावे.

एक निवृत्त नौसैनिक, सातारा