अंधारातला सराव

महोदय,

पोलीस भरतीतील ८०० मीटर धावण्याच्या तयारीसाठी माझी मुलगी दिवसभराचे काम आटोपून गावाबाहेरच्या रस्त्यावर रात्री एकटीच धावते, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे दिवस मावळल्याशिवाय डांबर निवत नाही. समोरून येणारे वाहन दिसावे म्हणून ती उजव्या कडेने धावते, कानात काही घालत नाही, परतीची वेळ घरी सांगून जाते आणि ११२ हा क्रमांक तिला पाठ आहे. उसाच्या ट्रॉलीला लावतात तीच चमकणारी पट्टी कापून आम्ही तिच्या सदऱ्यावर शिवली आहे (ट्रॉल्यांवर ती क्वचितच दिसते, हा भाग वेगळा). “पोरीला एकटी कशाला सोडता?” असे विचारणाऱ्यांनी त्या रस्त्यावरचे तीन दिवे दिवाळीपासून बंद का आहेत, हेही एकदा विचारावे.

– एक पालक, जि. परभणी