फुकट्यांच्या वर्गातर्फे

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीत जुन्या संगणकांना निरोप देण्याचा सल्ला वाचला. समोरच्याच पानावर नव्या लॅपटॉपची पानभर जाहिरात होती. योगायोग असावा. लेखकमहाशयांनी जाता जाता लिनक्सलाही (विंडोजऐवजी संगणक चालवणारी मोफत प्रणाली) दीड वाक्य दिले आहे: इंजिनिअर लोकांचा छंद, नाहीतर फुकट्यांची सोय. मी इंजिनिअर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षे बाराखडी शिकवली. म्हणजे उरला दुसरा वर्ग, त्या वर्गातर्फे हे लिहितो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि माझ्या २०१२ च्या डब्यात ती नाही, हेही खरे. पण म्हणून डबा मेला कसा? त्याच डब्यावर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती चार वर्षे चालू आहे. तिला २ जीबी रॅम पुरते, माझ्याकडे ४ आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की पंखा घरघरतो. तेवढी घरघर तर माझीही होते.

मी लिनक्स घेतले ते पैसे वाचतात म्हणून नव्हे. कारण वेगळे आहे.

माझी माय आमच्या खानदेशातल्या आखाजी-कानबाईच्या सणांची, जात्यावरची गाणी सांगायची आणि मी टाइप करायचो. असे दोन उन्हाळे गेले. तिला नुसते सांगता यायचे नाही, गावेच लागायचे. मी मागे पडलो की ती रागावून परत पहिल्या ओळीपासून धरायची. १४२ गाणी झाली. पुढे ती गेली. मग संगणक अडखळू लागला म्हणून तालुक्याच्या दुकानात नेला. विकताना विंडोजची चोरीची प्रत त्याच दुकानाने घालून दिली होती (तेव्हा चोरीची म्हणत नसत, 'कॉपी' म्हणत). दर सहा महिन्यांनी व्हायरस आणि दर वेळी फॉरमॅटचे ५०० रुपये. त्या खेपेस घरी आणून सुरू केला तर पडदा लख्ख, सारवल्यासारखा. दुकानदाराला विचारले तर म्हणतो, "गुरुजी, डेस्कटॉपवर व्हती का? मंग गयी." सी ड्राइव्ह पुसला की डेस्कटॉपही पुसला जातो, हे ज्ञान त्याच ५०० रुपयांत मिळाले. बिल मात्र मिळाले नाही.

कपाटात एक जुनी सीडी सापडली. तिच्यात ५८ गाणी होती. उघडली तर मराठी नाहीच! इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, सगळा काला. कारण मी टाइप केले होते एका विकतच्या फॉन्टमध्ये, आणि तोही दुकानदाराने 'घालून दिलेला', फॉरमॅटबरोबर गेलेला. फॉन्ट नाही तर मायची गाणी नाहीत!

धुळ्याला शिकणारा भाचा दिवाळीला आला. त्याने पेनड्राइव्ह लावून, आत काहीही न पुसता, लिनक्स नुसते चालवून दाखवले. पटले तर ठेवा मामा, म्हणाला. ठेवले. गाणी युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट कुठलाही असला तरी अक्षर तेच राहते अशा पद्धतीत, आणायचे कामही त्यानेच सुरू करून दिले. पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात नंतर. त्यामुळे कितीतरी वेलांट्या शेजारच्या घरात जाऊन बसल्या. तीन आठवडे मी त्यांना आपापल्या जागी हाकत होतो, पहिलीचा वर्ग हाकावा तसा. (युनिकोड विंडोजमध्येही आहे, मला माहीत आहे. त्यावर प्रतिपत्रे नकोत.) आता गाणी ओडीटी फाइलमध्ये आहेत. तिची रचना कशी असते हे जाहीर आहे, ती वाचू शकेल असा प्रोग्रॅम कोणीही लिहू शकतो. मोफत वेगळे, मुक्त वेगळे. छत्तीस वर्षे समानार्थी शब्द शिकवले, हे दोन त्यांत येत नाहीत.

सगळे गोडच आहे असे नाही. स्कॅनर तीन दिवस ओळखच देत नव्हता आणि भाचा फोनवर माझ्याशी बोलत नव्हता. पण १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेले हे काम तुमच्या लेखकाच्याही खिशात असायचा संभव आहे. अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो. फुकट्यांत आपले स्वागत.

जाता जाता एक. आपल्या वाचकपत्रांच्या चौकटीत अजून 'पत्रे अमुकच फॉन्टमध्ये पाठवावीत' असे छापता. मागे मी ईमेलने युनिकोडमध्ये पत्र पाठवले तर उत्तर आले, 'मजकूर उघडत नाही.' बाराखडीतल्या प्रत्येक व्यंजनाला आणि काना-मात्रा-वेलांटीला युनिकोडात जगभर एक ठरलेला क्रमांक आहे, फक्त आपल्या कचेरीत नाही. असो. म्हणून हे पत्र कागदावर छापून एसटीने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवत आहे. सोबत मायचे एक गाणे जोडले आहे, जागा असेल तर घ्यावे. ते पुन्हा टाइप करणाऱ्यास विनंती की आमच्या अहिराणी बोलीत 'डोया'च म्हणतात, त्याचा 'डोळा' करू नये.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. पारोळा, जि. जळगाव