खांब आणि डक्ट सर्वांना सारख्या अटींवर मिळावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या कंपन्या आल्या की छोटे इंटरनेट सेवादार संपणार, हे मी धंद्यात उतरल्यापासून ऐकतो आहे. माझे नऊशे ग्राहक आजही टिकून आहेत; पण वाढायचं तर केबलसाठी खांब आणि डक्ट (जमिनीखालच्या केबलच्या नळ्या) मोठ्या कंपन्यांसारख्याच अटींवर मिळायला हवेत, म्हणून हे पत्र.

दर आणि वेगाच्या चढाओढीत आमचा निभाव लागत नाही, हे मला अनुभवाने कळलं. एका वर्षी मी पॅकेजवरचे वेगाचे आकडे वाढवले आणि ओएलटीच्या (आमच्याकडून घराघरांत फायबरने इंटरनेट पाठवणाऱ्या यंत्राच्या) एकेका पोर्टवर ६४ घरं भरली. जीपॉनच्या (एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या पद्धतीच्या) एका पोर्टची सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता एवढ्या घरांत वाटून जाते, ते चालून गेलं असतं; पण अपलिंक, म्हणजे आम्हाला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी लाइन, मी होती तेवढीच ठेवली. रात्री नऊला सगळीकडे व्हिडिओ अडकायला लागले. शेवटी आम्ही पाच छोट्या सेवादारांनी मिळून इंटरनेट एक्स्चेंजपर्यंतची (जिथे वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना थेट जोडली जातात) लाइन भाड्याने घेतली. व्हिडिओचा बराचसा ट्रॅफिक तिथून थेट मिळू लागला आणि विकतच्या ट्रान्झिटवरचा (दुसऱ्या कंपनीकडून पैसे देऊन घेतलेल्या जोडणीवरचा) भार उतरला. एकट्याला हे कधीच परवडलं नसतं.

आमची खरी कमाई दुरुस्तीत आहे. घरी बसून रुग्णांचे स्कॅन वाचणाऱ्या एक डॉक्टर माझ्याकडे आल्या. आधीच्या कंपनीने त्यांना तीनदा राउटर बदलून दिला होता, तरी लाइन तुटतच होती. माझ्या माणसाने मीटर लावला तर फायबरमधला प्रकाश उणे २९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), म्हणजे ओएनयूला (घरातल्या फायबरच्या डब्याला) लागतो त्याहून कमी. कपाट सरकवलं, तर मागे फायबर मुडपलेली! तो तुकडा कापून नवा स्प्लाइस (फायबरचा जोड) केला. दवाखाने, लहान कार्यालयं, शिकवणीवर्ग यांना असा माणूस हवा असतो आणि अनेकजण दुसरी राखीव लाइनही आमच्याकडूनच घेतात. तिथे अजून पुष्कळ काम आहे.

नव्याने येणाऱ्याची पहिली अडचण इंटरनेटवरच्या पत्त्यांची. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. नऊशे ग्राहकांसाठी माझ्याकडे २५६ पत्ते आहेत, त्यामुळे बहुतेकांना सीजीनॅटमागे, म्हणजे अनेकांत एकच पत्ता वाटून, ठेवावं लागतं. मग ज्याला बाहेरून स्वतःचा कॅमेरा पाहायचा असतो, तो नाराज होतो. आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत) मी दिलं आहे, पण जुने कॅमेरे ते ओळखत नाहीत. यावर निदान मला काही करता तरी येतं.

खांब आणि डक्ट मात्र दुसऱ्याच्या हातात. अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यात खांबांवर भेदभाव न करता जागा देण्याची तरतूद आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने डक्ट आणि खांब वाजवी अटींवर खुले करण्याचं बंधन घातलं. नियम कागदावर असला, तरी अर्जाला किती दिवसांत उत्तर द्यायचं आणि भाडं काय, हे जाहीर असल्याशिवाय छोट्याला त्याचा उपयोग नाही.

माझा सव्वा किलोमीटर डक्टचा अर्ज सात महिने पडून आहे. जागा नाही, असं तोंडी सांगितलं गेलं. गेल्या महिन्यात त्याच डक्टमधून एका मोठ्या कंपनीची केबल ओढली गेली, मी समोर उभा होतो. ठरेल ते भाडं मी आगाऊ भरायला तयार आहे. डक्टच्या पलीकडच्या ८० घरांनी माझ्याकडे नावं नोंदवली आहेत आणि दर आठवड्याला त्यांतलं कोणीतरी फोन करून विचारतं, लाइन कधी येणार?

आपला,
एक छोटा इंटरनेट सेवादार